ओटा कुणाच्या मापाचा

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा एका मेलेल्या बाईच्या मापाचा होता. मेलेली बाई म्हणजे माझ्या सासूबाई, आनंदीबाई ओव्हाळ. माणूस म्हणून सोन्यासारख्या, उंचीने मात्र दाराच्या वरच्या कडीला हात पुरू नये एवढ्या. बिबवेवाडीतला हा फ्लॅट घेतला तेव्हा गवंड्याने विचारलं, स्वयंपाक कोण करतं, त्यांना उभं करा. ही त्या लोकांची पद्धतच असते. बाईला भिंतीपाशी उभं करायचं, हात कोपरात वाकवायला सांगायचा आणि कोपराच्या जरा खाली पेन्सिलीने रेघ मारायची. त्या रेघेवर ओटा. सासूबाईंनी जन्मभर चुलीपुढे उकिडवं बसून भाकऱ्या थापलेल्या. उभ्याने स्वयंपाक करायचा म्हणजे त्यांना कलेक्टर झाल्यासारखं वाटत होतं. त्या पदर खोचून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, रेघ पडली. मी नवी सून, गवंड्यासाठी चहाचा कप घेऊन मागे उभी. मला कोण विचारतंय?

सासूबाई जाऊन कैक वर्षं झाली. ओटा राहिला. काळा कडप्पा, खाली सिमेंटच्या फळ्या, कोपऱ्यात मोरी. आणि मी आमच्या माहेरच्या अंगलटीची, म्हणजे उंच. त्या ओट्यापुढे वाकून मी पोळ्या लाटत असले की नवख्या माणसाला वाटावं, ही बाई खाली पडलेलं काहीतरी शोधतेय. सकाळी दोन तास वाकायचं, मग कामाला जायचं, आल्यावर पुन्हा वाकायचं. कंबर अशी दुखायची की रात्री कूस बदलताना शिव्या आठवायच्या.

शिव्या मला भरपूर येतात. मी मार्केट यार्डात एका अडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिते, कांदा-बटाटा विभागात. दिवसभर हमाल, टेम्पोवाले आणि शेठ यांच्याशी तोंड वाजवून माझी जीभ तासून निघालेली आहे. तेव्हा पुढे काही वेडंवाकडं ऐकू आलं तर दोष यार्डाला द्या. घरात मी शिवी देत नाही, एवढं पथ्य पाळते.

आता आमचे हे. ज्ञानदेव ओव्हाळ, सरकारी लेखा शाखेतून रिटायर झाले. म्हणजे ते शाखेतून बाहेर पडले, शाखा काही त्यांच्यातून बाहेर पडली नाही. आमच्या घरात पैसे नसतात, हेड असतात. पेन्शन आली की ती हेडमध्ये जाते, आणि एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडमध्ये गेला तर यांना जेवण जात नाही. बँकेत यांच्या मुदत ठेवी आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे. एक आजारपणाची. एक रोहनची, म्हणजे आमच्या मुलाची, त्याची नोकरी गेलीच तर. एक घरपट्टीची. आणि एक मयताची. हो, मयताची. आपल्या जाण्याचा भार मुलावर पडू नये म्हणून या माणसाने दोघांच्या मयताचा खर्च आधीच व्याजाला लावून ठेवलेला आहे. माझा पगार ‘दैनंदिन’ या हेडमध्ये. त्यातून किराणा, वीज, गॅस, भाजी. महिनाअखेर त्यात भाजीची जुडीही उरत नाही.

त्या उन्हाळ्यात मी एकदाचं बोलून टाकलं की ओटा पाडून माझ्या उंचीचा करून घ्यायचाय. वर ग्रॅनाइट नको, चकचकाट नको, खाली दोन ट्रॉल्या झाल्या तर ठीक, नाही झाल्या तरी ठीक. उंची मात्र हवी.

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कुठल्या हेडमधून?"

मी म्हटलं, मयताच्या. माझी पाठ अशीच राहिली तर तिकडे लवकर गरज पडेल, त्यापेक्षा आधीच वापरू. हे यावर हसले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं की मयताचा पैसा मयतालाच लागतो, आणि ओटा या नावाचं हेडच नाही. मात्र हेड नसलं तरी कोटेशन मागवायला हरकत नसते. किमान तीन.

मग आमच्याकडे ओट्याचं टेंडर निघालं. तीन ठेकेदार येऊन बघून गेले. यांनी तिघांना बंद पाकिटात आकडा द्यायला सांगितला. एकाला वाटलं आम्ही चेष्टा करतोय, तो फोनच उचलेना, म्हणून त्याच्या जागी चौथा शोधावा लागला. एका रविवारी नाश्त्यानंतर यांनी पाकिटं फोडली, साक्षीदार मी. सर्वांत कमी आकडा रंगरावचा. रंगराव म्हणजे गंज पेठेत राहणारा, तोंडाने गोड आणि तारखेने खोटा माणूस. त्याचा आकडा कमी होता कारण जुना ओटा पाडायचा आणि राडारोडा उचलायचा खर्च तो लिहायलाच विसरला होता. हे मला पाहताक्षणी कळलं. यांनाही कळलं, पण नियम म्हणजे नियम, सर्वांत कमी तो रंगराव. काम त्याला द्यायचं ठरलं. फक्त पैसा कुठून आणायचा ते ठरायचं राहिलं.

रोहन वाकडला राहतो, तो आणि त्याची बायको चैताली, दोघंही आयटीत. त्याच्या कानावर गोष्ट गेली तर तो म्हणाला, आई, कशाला टेन्शन घेतेस, मला प्री-अप्रूव्ह्ड लोन आहे, फोनवर दोन मिनिटांत होतं. त्याने मेसेज दाखवले. बँक त्याला दर दोन दिवसांनी पैसे घे म्हणून विनवत होती. मला आयुष्यात इतक्या प्रेमाने कुणी पैसे घे म्हटलेलं नाही, शेठने तर नाहीच नाही. वर रोहन म्हणाला की शोरूममधून घेतलं तर नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे व्याज शून्य. व्याज शून्य कसं, असं मी विचारलं, तर त्याने जे सांगितलं त्यावरून एवढंच कळलं की ते किमतीत आधीच घातलेलं असतं. हे मी यार्डात रोज बघते, फक्त आमच्याकडे त्याला ऑफर म्हणत नाहीत.

तरी गेलो बाणेरला. तिथे काचेमागे स्वयंपाकघरंच्या स्वयंपाकघरं मांडून ठेवलेली आणि एकातही तेलाचा डाग नाही. एका गोड मुलीने आम्हाला पडद्यावर आमचंच घर फिरवून दाखवलं. फक्त त्यात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत गायब होती. ही रोहनची हौस, ओपन किचन. मी म्हटलं, बाळा, मी बोंबिलाला फोडणी दिली की हॉलमधला पाहुणा थेट जिन्यात जाईल. तो म्हणाला, चिमणी बसवू. मग पडद्यावर चिमणी आली. मग ओव्हन आला, तो चैतालीला हवा होता, ती महिन्यातून एकदा आमच्याकडे केक करणार म्हणे. असं सगळं येत गेलं, आणि शेवटी मी विचारलं की ओट्याची उंची किती?

मुलगी म्हणाली, मॅम, कॅबिनेट स्टँडर्ड साइजमध्येच येतात. कस्टम हाइट घेतलीत तर ऑफर लागू होत नाही.

म्हणजे भिंत पडेल, चिमणी येईल, केक होईल, आणि मी वाकलेलीच. रोहन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, आई, दोन-तीन इंचांनी काय होतंय. पोरगा वाईट नाही. हप्ता तो भरणार म्हटल्यावर त्याच्याही डोळ्यांसमोर त्याचंच घर येणार. पण माझा राग असा उसळला की मी शोरूममधली फुकट कॉफीसुद्धा न पिता बाहेर पडले, आणि मी फुकट काही सोडत नाही.

मग पतसंस्था. घरदुरुस्तीला कर्ज मिळतं, कागदपत्रं थोडी, पण जामीनदार लागतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ तळमजल्यावर राहतात, त्या पतसंस्थेत त्यांची वट आहे. मी विचारलं, ते लगेच हो म्हणाले. मला वाटलं, बघा, शेजारधर्म अजून जिवंत आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीनानाथ ओटा बघायला आले. जामीन राहायचं तर बघायला नको का, म्हणाले. चहा घेतला. ओट्यावर हात फिरवला आणि म्हणाले की दगड तर अजून चांगला आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, चहा घेतला आणि ट्रॉल्यांना गंज लागतो असं सांगून गेले. मग रोजच यायला लागले. त्यांच्या बायकोने असल्याच ओट्यावर स्वयंपाक करून तीन मुलींची लग्नं लावली, हे मला इतक्या वेळा ऐकायला मिळालं की त्या तिघींची तोंडं माझ्या स्वप्नात यायला लागली. आणि प्रत्येक वेळी चहा कुणी करायचा? मीच, वाकून.

एका संध्याकाळी मी विचारलं, भाऊ, तुम्ही कर्जाला जामीन राहताय की मला? बस. दीनानाथांच्या कपाळावर आठी पडली, कप अर्धा ठेवून ते खाली गेले. पुढच्याच आठवड्यात आम्हाला सोसायटीची नोटीस आली की दुरुस्तीच्या कामाआधी परवानगी घ्यावी. जामीन गेला तो गेला, वर कटकट लागली मागे. हे म्हणाले, तुझ्या तोंडामुळे. आणि ते खरं होतं.

राहिलं सोनं. माझ्याकडे दोन पाटल्या आहेत. लग्नातल्या नव्हेत, माझ्या कमाईतल्या. शेठने दिवाळीला दिलेला बोनस वर्षानुवर्षं बाजूला टाकून मी त्या लक्ष्मी रोडवर घेतल्या आणि घालून घरी आले तेव्हा यांनी विचारलं होतं की कुठल्या हेडमधून. मी म्हटलं होतं, माझ्या. तेव्हापासून त्या पाटल्यांबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.

सुट्टी टाकून मी एकटीच गेले. सोन्यावर कर्ज देणाऱ्यांच्या त्या ऑफिसात एसी एवढा गार की दातावर दात वाजावेत. काउंटरवरच्या पोराने पाटल्या काढायला सांगितल्या. त्या निघेनात. हात जाड झाले आता. त्याने साबणाचं पाणी मागवलं, आणि मी तिथे चार लोकांसमोर, साबण लावलेल्या मनगटाने, माझ्याच पाटल्या ओढत बसले. एक निघाली. दुसरी निघेना. आणि त्या क्षणी माझं डोकं फिरलं. सासूबाईंनी या ओट्यावरचं खाल्लं, यांनी खाल्लं, रोहनने खाल्लं, सणाला आलेल्या नातेवाइकांनी हात चाटून खाल्लं. जेवणार सगळे आणि गहाण ठेवायचे माझे हात? मला रडूच कोसळलं. मी निघालेली पाटली परत चढवली, त्या पोराला म्हटलं, राहू दे, मी येते. तो बिचारा टिश्यू पेपर देत होता. रिक्षात बसले आणि बिबवेवाडी येईपर्यंत रडले. रिक्षावाल्याने दोनदा आरशात बघितलं आणि मीटरपेक्षा दहा रुपये कमी घेतले. पुण्यात असं होत नाही, त्यावरून माझा चेहरा काय झाला असेल ते समजा.

घरी येऊन मी वाकून वरणाला फोडणी दिली.

दोन-तीन आठवड्यांनी सकाळी मी खालच्या फळीवरून कुकर काढायला वाकले आणि तिथेच अडकले. खाली जाता येईना, वर येता येईना. हात ओट्याच्या कडेवर, तोंड गॅसच्या शेगडीसमोर. मी यांना हाक मारली. हे आले, दारात थांबले, बघत राहिले आणि विचारलं, काय सांडलंय? मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरात शिवी न देण्याचं माझं पथ्य त्या दिवशी मोडलं.

रोहन यायला दीड तास लागला असता, म्हणून यांनीच मला धरून जिना उतरवला. दीनानाथांनी खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. रिक्षातून जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला मी महापालिकेचं नाव घेत होते. डॉक्टर म्हणजे कल्याणी नावाची एक तरुण बाई, हाडांची डॉक्टर, बोलायला सरळ. तिने फोटो काढला, पाय उचलून बघितले, मग विचारलं की दिवसभरात वाकायचं काम काय करता? मी ओट्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, अहो काकू, मग गोळ्या देऊन काय उपयोग, आधी तो ओटा उंच करा.

हे बाहेर बिल भरत होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तिला म्हटलं, बाई, एवढं कागदावर लिहून द्या. गोळ्या लिहिता ना, तसंच, त्यांच्याच खाली. ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, आमच्याकडे औषधाला पैसा आहे, ओट्याला नाही.

तिला काय कळलं कोण जाणे, पण ती हसली आणि लिहिलं. स्वयंपाकाचा ओटा रुग्णाच्या उंचीप्रमाणे वाढवून घेणे आवश्यक. खाली तिची सही, शिक्का. त्याखाली पुन्हा तिने दोन ओळी खरडल्या. त्या मी वाचल्या नाहीत. डॉक्टरचं अक्षर, शिवाय मला हवं ते मिळालं होतं. जगात कुणी कागद पूर्ण वाचत नाही, फक्त आमचे हे वाचतात, आणि त्या वेळी कागद मी त्यांच्या हातात दिलाच नाही. घरी आडवी पडूनच ती ओळ मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली आणि शिक्का दाखवला.

यांनी आधी शिक्का निरखून बघितला. मग म्हणाले, वैद्यकीय सल्ला आहे तर आजारपणातून घेता येईल.

दुसऱ्या दिवशी उन्हात बँकेत जाऊन या माणसाने ठेव मोडली. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कापलं गेलं. ते घरी आले तेव्हा नुकतीच दाढ उपटून आल्यासारखा चेहरा. पाणी प्यायले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, रंगरावला फोन कर. खरं सांगते, मला भरून आलं. यांनी मला आयुष्यात गजरा आणला नाही, सिनेमाला नेलं नाही, पण माझ्या कंबरेसाठी ठेव मोडली. ज्याने यांना मुदतीची वाट बघताना पाहिलंय त्यालाच याची किंमत कळेल.

सोसायटीची परवानगी आणायला मी रोहनला पाठवलं, माझ्या तोंडाची भीती सगळ्यांनाच. रंगराव सांगितल्या तारखेला आला नाही, नंतर आला. घण घालून त्याने कडप्पा फोडला. मी आतल्या खोलीत कंबरेला पट्टा बांधून पडले होते आणि प्रत्येक घावाला मला बरं वाटत होतं. मग राडारोड्याची पोती जिन्यात साठली, रंगराव म्हणाला उचलायचे पैसे वेगळे, हे म्हणाले कोटेशनमध्ये नाहीत. दीनानाथांनी खालून आरडाओरडा केला. शेवटी पैसे दिले, पोती गेली. जेवण खाणावळीतून येत होतं. त्या भाजीत तेल तरंगायचं आणि हे रोज ते चमच्याने काढून बाजूला ठेवायचे आणि माझ्याकडे असे बघायचे की जणू तेल मी घातलंय.

मग माप घ्यायचा दिवस उजाडला. स्वयंपाकघर रिकामं, भिंती सोलून निघालेल्या. जुना ओटा जिथे भिंतीत बसला होता तिथे आडवी खाच दिसत होती. मी पट्टा आवळून, चांगली साडी नेसून तिथे गेले. हसू नका. माझ्या मापाने या घरात पहिल्यांदा काहीतरी होणार होतं. रंगराव टेप आणि पेन्सिल घेऊन उभा होता. म्हणाला, वहिनी, या इकडे, भिंतीला पाठ लावा.

तेवढ्यात हे आत आले. हातात डॉक्टरचा कागद. खर्चाच्या पावत्यांना जोडायला काढला होता आणि जोडायच्या आधी पूर्ण वाचला होता. यांनी घसा खाकरला. तो आवाज मी ओळखते. असा घसा खाकरला की ऑफिसात लोकांची बिलं अडायची.

"द्वारका," ते म्हणाले, "इथे खाली असं लिहिलंय की किमान तीन महिने ओट्यापाशी उभं राहून कुठलंही काम करू नये."

मी म्हटलं, बरं मग?

यांनी मला शांतपणे समजावलं. जी व्यक्ती ओट्यापाशी उभीच राहणार नाही, तिच्या मापाने ओटा करायचा, तर तो खर्च आजारपणाचा कसा धरायचा? त्यात बसत नाही. आक्षेप येईल. कोण घेणार आक्षेप, असं रंगरावने विचारलं. मी त्याला खुणेने गप्प केलं. त्याला काय सांगायचं, आक्षेप घेणारा समोर लेंग्यावर उभा आहे म्हणून.

रंगराव वैतागला. म्हणाला, साहेब, माझा माल भिजवून ठेवलाय, माप कुणाचं घेऊ ते सांगा.

हे त्या आडव्या खाचेकडे बघून म्हणाले, "आईचंच ठेव. घराला सवय आहे."

मला वाटलं मी ओरडेन. सगळी वर्षं, सगळ्या पोळ्या, ती साबण लावलेली पाटली, सगळं एकदम आठवलं. यांना वाईट म्हणावं तर तेही नाही. याच माणसाने माझ्यासाठी ठेव मोडली होती. त्यांच्या डोक्यात दुष्टपणा नव्हता, त्यांच्या डोक्यात मीच नव्हते. घराला सवय आहे म्हणे. घर वाकत होतं का?

मी त्यांच्या हातून कागद घेतला आणि पहिल्यांदाच तो खालपर्यंत वाचला. बरोबर होतं त्यांचं. तीन महिने. कुठलंही काम. शिक्का, सही.

"रंगराव," मी म्हटलं, "साहेबांचं माप घ्या."

रंगरावला आधी कळलं नाही. यांना कळलं. माझं कशाला, असं ते हळूच म्हणाले. मी कागद पुढे केला. म्हटलं, मी उभी राहायची नाही, हे डॉक्टरने लिहिलंय. रोहन वाकडला. आई तर गेल्या. आता या घरात ओट्यापाशी उभं राहायला कोण उरलं ते तुम्हीच मोजा. खाणावळीचा खर्च कुठल्याच हेडमध्ये बसत नाही, हे काल तुम्हीच म्हणालात. माप त्याचंच घ्यायचं जो स्वयंपाक करणार, गवंड्यांची पद्धत आहे.

"मला येत नाही," हे म्हणाले.

"मलाही येत नव्हतं," मी म्हटलं.

रंगराव टेपच्या पट्टीशी चाळा करत छताकडे बघत होता. त्याने आयुष्यात अनेक स्वयंपाकघरं केली असतील, पण बहुतेक हे भांडण त्याच्या कोटेशनमध्ये नव्हतं. यांनी कागद घेऊन पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी त्यांचा हुकमाचा पत्ता काढला. म्हणाले, ठीक आहे, पण तीन महिन्यांनी? तेव्हा तू करणार. तेव्हा तुला हा ओटा उंच होईल.

मी म्हटलं, होईल ना. मग तो पाडून खाली घ्यायला पैसे कुठून काढताय, ते आत्ताच सांगा. आजारपणातून की मयतातून?

यांनी चपला काढल्या, का ते त्यांचं त्यांना माहीत, आणि भिंतीपाशी जाऊन पाठ टेकली. रंगरावने कोपर वाकवायला सांगितलं. हे माझ्याहून वीतभर उंच. पेन्सिलीची रेघ पडली ती जुन्या खाचेच्या खूप वर, आणि माझ्या कोपराच्याही वर.

मी जाऊन त्या रेघेपाशी उभी राहिले. इतका आटापिटा केला आणि ओटा पुन्हा माझ्या मापाचा झाला नाही तो नाहीच. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटलं. पण मग लक्षात आलं की इथे उभं राहून मला काहीही करता येणार नाही, ना पोळी लाटता येणार, ना भाजी चिरता येणार. आणि मला एकदम इतकं हलकं वाटलं की पट्टा सैल करावासा वाटला. मला उंच ओटा नको होताच. मला त्याच्यापासून सुटायचं होतं, आणि ते मागायला तोंड होत नव्हतं म्हणून मी उंची मागत बसले होते.

रंगराव माल कालवायला गॅलरीत गेला. हे मात्र तसेच भिंतीला टेकून, कोपर वाकवून उभे. त्यांना कुणी हात खाली घ्या म्हणून सांगितलंच नव्हतं. समोरच्या रिकाम्या भिंतीकडे ते असे बघत होते की मला त्यांची दया आली. खरंच आली. मग कंबरेत कळ आली, आणि दया गेली.